मेळावा आप्पांचा नव्हे

सुरतेत आमच्या नवागामच्या मराठी शाळेत दर हिवाळ्यात पालकांचा मेळावा भरतो. खेळ असतात, खाणं असतं, आणि त्यातून जे पैसे उभे राहतात त्यावर सातवी झालेल्या मुलींची व्हॅन वर्षभर चालते. गल्लीत त्याला ‘आप्पांचा मेळावा’ म्हणतात. आप्पा म्हणजे मी. मागच्या मेळाव्यात नव्या मुख्याध्यापकांनी माइकवरून तसंच सांगितलं, मला शाल घातली, आणि मी ती घेऊन खाली बसलो. ज्या बाईचा हा मेळावा आहे ती तेव्हा मंडपाच्या मागे उष्ट्या ताटांची रास लावून घेत होती. आता वय झालं आहे. माझ्यामागे ही चूक खरी म्हणून चालू राहू नये, म्हणून लिहितो.

मी पालक संघाचा अध्यक्ष झालो तो कर्तबगारीने नव्हे. कापडाच्या मिलमधल्या फोल्डिंग खात्यातून मी निवृत्त झालो होतो. मुलगा एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर जातो, सून घरी साड्यांना खडे चिकटवते, नातू तेव्हा पाचवीत. शाळेची सभा दुपारी असते, आणि दुपारी जागा असलेला आणि मोकळा असलेला पुरुष गल्लीत मी एकटाच. बाकीचे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेले. सभा घेणाऱ्या शिक्षिकाबाईंनी विचारलं, अध्यक्ष कोण, आणि सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं.

जिचा हा मेळावा, ती त्या सभेत पहिल्यांदा बोलली. तिची मुलगी सातवीत होती. नवरा शहराबाहेर इच्छापोरला ठेकेदाराकडे कामाला, ती स्वतः घरी साड्यांचे धागे कापायची. माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत होते. बौद्ध घर. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत असूनही कोणी बोलत नसे. सगळे तिला ताई म्हणत.

ती म्हणाली, “आपली शाळा सातवीपर्यंत. पुढची मराठी शाळा पर्वत पाटियाच्या मोठ्या चौकापलीकडे. कापडाच्या ताक्यांचे टेम्पो, ट्रक, तो चौक. मुलं जातात सायकलवर. मुली घरी बसतात आणि खडे चिकटवतात. माझी पण बसेल.”

एक शिक्षक म्हणाले, “ताई, ते आपल्या हातात नाही.”

“व्हॅन आपल्या हातात आहे ना, सर. मेळावा भरवू.”

मेळावे आम्ही आधीही भरवले होते. रविवारी सकाळी, फुगे लावून. येत कोण होतं? रात्रपाळीचे बाप घोरत असायचे, दिवसपाळीचे कामावर, कारण आमच्याकडे सगळ्या लूमची सुट्टी एका दिवशी नसते. शिक्षकच एकमेकांची भेळ विकत घ्यायचे. हे इतकी वर्षं चाललं, आणि त्यातला घोटाळा आमच्यापैकी कोणाला दिसला नाही. तिला दिसला. ती म्हणाली, पाळी बदलते संध्याकाळी, कुठे साडेसहाला, कुठे साडेसातला. मेळावा चारला सुरू करा आणि नऊला संपवा. रात्रीवाले उठून, चहा पिऊन, कामावर जाता जाता येतील. दिवसवाले सुटले की सरळ इकडे येतील. फाटकातून एक लाट बाहेर जाईल तशी दुसरी आत येईल. खेळ दोनदा घ्यायचे, म्हणजे कोणाचाच बाप चुकणार नाही.

मी चाळीस वर्षं पाळ्यांवर जगलो आणि हे मला सुचलं नाही.

खेळही तिचेच. बापांनी आपल्या मुलीची वेणी घालायची. गुरुजींनी साडीची घडी घालायची, बाजारात घालतात तशी, आणि परीक्षक कोण, तर कापड मार्केटात घडी करणाऱ्या बायका. मंडपाला झालर कापडाच्या चिंद्यांची, ती आमच्याकडे रस्त्यावर पडलेली असते. आणि खाण्यात मुख्य म्हणजे खापरावरचे मांडे. उलट्या मातीच्या खापरावर, लाकडाच्या जाळावर, खानदेशात करतात तसे. सुरतेत शेवभाजी कुठेही मिळते, मांड्यासाठी माणूस गावच्या लग्नाची वाट बघतो. ती म्हणाली, “मांड्याला रांग लागेल, आणि रांगेतला माणूस खेळ बघेल.”

मेळाव्याच्या आधी तिने शाळेच्या मागे खापर मांडून एक मांडा करून दाखवला. पुरण भरलेला गोळा तिने दोन्ही हातांवर खेळवला, तो कोपरापर्यंत उतरला, धोतरासारखा पातळ झाला, आणि तिने तो खापरावर असा टाकला की कुठे सुरकुती नाही. बायका श्वास धरून बघत होत्या. एकीने तर टाळी वाजवली. मी तो मांडा खाल्ला. तसा मी माझ्या आईच्या हातचाही खाल्ला नव्हता.

त्याच संध्याकाळी दोन बायका आणि एकीचा नवरा माझ्या ओट्यावर आले. तिघंही आमच्याच बाजूचे, अमळनेर-पारोळ्याकडचे. बराच वेळ पाणी, चहा, नातू कसा आहे. मग त्यातली मोठी बाई म्हणाली, “आप्पा, आम्हनं काही म्हननं नही. पन लोके काय म्हनतीन?”

“कशाचं?”

“मांडानं. घरोघर न्यातीन लोके. म्हाताऱ्या सासवा शेतस घरमां. इचारतीन, कोन्ही करात?” मांडे कोणी केले, म्हणून घरच्या सासवा विचारतील, असं तिचं म्हणणं.

नवरा हसत म्हणाला, “आपल्याला चालतं हो आप्पा. कंपनीत एका डब्यात जेवतो आम्ही. पण मेळाव्याचं नुकसान नको व्हायला.”

तेव्हा मी ‘मांडे तीच करेल’ एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात आलंही होतं. पण मी म्हणालो, “बघतो.”

दुसऱ्या दिवशी ती शाळेत धागे कापायचं काम पिशवीत घेऊनच आली होती. मी म्हणालो, “ताई, तुझ्यासारखा हिशेब कोणाला येत नाही. तू कूपनांवर बस. खापराला बाकीच्या आहेत.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “हे तुम्हाला वाटतं, आप्पा, का कोणी सांगितलं?”

“मलाच वाटतं.”

“बरं,” ती म्हणाली, आणि पिशवीतून साडी काढून कात्री चालवायला लागली.

त्या दिवशी ती उठून गेली असती तर मेळावा झाला नसता. मंडपवाला तिच्या ओळखीचा, माइक तिने फुकट मिळवलेला, कोणत्या गल्लीत कोणती पाळी हे फक्त तिच्या डोक्यात. ती गेली नाही. मला तेव्हा वाटलं, तिला काही समजलंच नाही, बरं झालं. माणूस आपल्या सोयीचं किती पटकन मानतो!

मेळावा असा झाला की शाळेच्या भिंतीवर माणसं बसली. चारला रात्रपाळीवाले आले, डोळे चोळत, खांद्याला डबा. वेणीच्या खेळात एका लूमवाल्याने मुलीची वेणी घातली ती दोरखंडासारखी घट्ट आणि सरळ. मुलगी ओरडली, “पप्पा, दुखतं!” तो म्हणाला, “दिवसभर टूटेला धागा जोडतो बेटा, केस काय चीज आहे!” आणि मागून त्याची बायको, “घरी कधी नाही दाखवला हा प्रताप?” सगळा मंडप हसला. साडीच्या घडीत मुख्याध्यापक नापास झाले. परीक्षक बाई गुजरातीत म्हणाल्या, “साहेब, आ तो पोटलुं थयुं,” गाठोडं झालं हो, आणि मुख्याध्यापकांनी ते गाठोडं डोक्यावर घेऊन मंडपाला चक्कर मारली. सातच्या सुमारास पहिली लाट बाहेर निघाली आणि दुसरी आत आली, अगदी ती म्हणाली होती तशी. फाटकात भाऊ भावाला भेटले. एक दिवसपाळीचा, एक रात्रपाळीचा, एकाच खोलीत राहतात आणि महिना महिना जागेपणी भेटत नाहीत.

रांग मांड्यांना होती, आणि मांडे फाटत होते. खापरावरच्या बायका काही वाईट नव्हत्या, पण एवढ्या माणसांसाठी करायची सवय कोणाला नव्हती. पीठ सैल झालं, जाळ जास्त झाला, पुरण खापरावर सांडून जळायला लागलं. रांगेतले लोक कूपन हलवायला लागले. “काका, पैसा पाछा आपो!” पैसे परत द्या. मी घामाघूम होऊन तिच्या टेबलापाशी गेलो.

“ताई, तू ये आता खापरावर.”

तिने हातातलं कूपन फाडून पुढच्या माणसाला दिलं, सुटे परत केले, आणि मग आवाज न चढवता म्हणाली, “आता लोकांना भूक लागली म्हणून चालते का मी?”

तिने उत्तराची वाटही पाहिली नाही. माइक ओढून घेतला. “मांड्याची कूपनं शेवभाजी-भाकरीला चालतील, वर एक वाटी पुरण. ज्यांना मांडाच पाहिजे त्यांनी वेणीचा दुसरा खेळ बघावा, तोवर होतो.” रांग दोन भागांत फुटली. मग ती उठली, खापरापर्यंत गेली, पिठाला हात न लावता लांबूनच म्हणाली, “काकी, जाळ मागे ओढा. पीठ अजून मळा, घाई नको. लोक थांबतील, मी थांबवते.” ज्या काकीला तिने सांगितलं ती माझ्या ओट्यावर आली होती. काकीने जाळ मागे ओढला.

व्हॅनचे पैसे त्या दिवशी जमले.

जूनमध्ये व्हॅन सुरू झाली. तिची मुलगी गेली, काकीची नात गेली, आणखी पाच-सहा जणी गेल्या.

पुढच्या वर्षी मेळाव्याच्या सभेत तिने नवा नियम मांडला. गावच्या भंडाऱ्याला जसं घरोघरचं पीठ एका ठिकाणी पडतं, तसं इथंही पडेल. प्रत्येक घराने मांड्यांसाठी पीठ आणायचं आणि शाळेच्या फाटकात एकाच मोठ्या टोपात ओतायचं. तिथंच मार्केटच्या पातळ कापडातून सगळं एकदम चाळायचं. खापरावर कोण बसणार याच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर निघतील.

काकी म्हणाली, “आणि कोनले पटनं नही तर?”

“नका आणू पीठ,” ताई म्हणाली. “नात व्हॅनमध्ये बसेलच. व्हॅन सगळ्यांची.”

ते ऐकताना मी खाली बघत होतो. असं बोलायला किती मोठं मन लागतं, हे मला माझ्या लहान मनामुळेच नीट कळलं. तिच्याजागी मी असतो तर आधी हिशेब चुकता केला असता.

मेळाव्याच्या दिवशी काकी दुपारपर्यंत फिरकली नाही. मग आली, पदराखाली डबा धरून. कोणाकडे न बघता टोपात ओतला आणि म्हणाली, “गहू चांगला शे मना. बाकीनासनं काय माहीत.” ताई म्हणाली, “मग तुमच्या गव्हावर सगळे तरून जातील, काकी.” काकीला हसू आवरलं नाही. चिठ्ठीत ताईचं नाव त्या वर्षी निघालं नाही. ते निघालं त्याच्या पुढच्या वर्षी, आणि त्या वर्षी एकही मांडा फाटला नाही. काकीच्या घरच्या म्हाताऱ्या सासूनेही खाल्ला. कोणी केला, हे तिने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर या वेळी सांगणारे बरेच होते.

या सगळ्यात मी अध्यक्ष होतो. दरवर्षी माइकवर माझं नाव, हार माझ्या गळ्यात. मी एकदाही म्हणालो नाही की हे तिचं आहे. म्हणायला गेलो असतो तर पहिल्या वर्षी तिला खापरावरून का उठवलं तेही सांगावं लागलं असतं. गप्प राहिलो, आणि गप्प राहण्यालाच लोक नम्रपणा समजले.

शाल मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. ती उंबऱ्यात साड्या पसरून बसली होती. मुलगी आता कॉलेजात आहे, आत पुस्तक घेऊन पडली होती. मी बसलो आणि एका दमात सांगितलं. ओटा, काकी, तो नवरा, आणि ‘मलाच वाटतं’ हे माझं खोटं.

ती कात्री न थांबवता म्हणाली, “माहीत होतं आप्पा. त्याच दिवशी माहीत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर व्हॅन गेली असती. माझी पोरगी आज खडे चिकटवत असती.” साडीची दुसरी बाजू तिने ओढून घेतली. “मला गप्प बसायला कारण होतं. तुम्हाला काय होतं?”

आतून मुलीने पान उलटल्याचा आवाज आला. ती रागावलेली नव्हती, तिला खरंच उत्तर हवं होतं. मला फक्त माझ्या ओट्यावर, आपल्या माणसांत, माझी जागा हवी होती, आणि एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी तिची जागा घेतली होती.

“चहा ठेवते,” ती म्हणाली आणि उठली.

मी म्हणालो, पुढच्या मेळाव्यात माइकवर मी सगळं सांगतो. ती आतून म्हणाली, “सगळं नको. काकीचं नाव घेऊ नका, ती आता पीठ सगळ्यांच्या आधी आणते. तुमचं तेवढं सांगा.”

म्हणून इथेही मी कोणाचंच नाव लिहिलेलं नाही. मेळाव्याला अजून दोन महिने आहेत, आणि माइकसमोर उभं राहायची मला भीती वाटते. पण मी उभा राहणार आहे.