समुद्राकडं तोंड करून

आमच्या शहरापासून समुद्र एक रात्र आणि अर्धा दिवस इतका लांब आहे. गारखेड्यात राहणाऱ्या माणसानं दीपगृहांचे फोटो काढायचा नाद लावून घ्यावा, हे माझ्या शेजाऱ्यांना कधीच पटलं नाही. पाण्याचेच फोटो काढायचे तर पैठणला जा, नाथसागर काय कमी आहे, असं एकानं मला तोंडावर ऐकवलं होतं. मी मुळातच माणसांशी कमी बोलतो. वय वाढलं तसा हा स्वभाव सुटायच्या ऐवजी जास्तच घट्ट झाला.

मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचो. लग्न केलं नाही, आणि त्याची कारणं विचारणारी माणसंही आता उरली नाहीत. नोकरीची शेवटची काही वर्षं बाकी असताना एक बरा कॅमेरा घेतला आणि सुट्टी टाकून एकटाच कोकणात जाऊन आलो. जयगडचं दीपगृह पाहिलं आणि तिथंच अडकलो. चहूकडं कोणी नाही, आपण एकटंच उभं राहायचं आणि लांबच्या माणसांना वाट दाखवायची. ही नोकरी मला माझ्या नोकरीपेक्षा बरी वाटली.

पण फोटो घरी आणून पाहिले तर ते दीपगृह मिठाच्या बरणीएवढं दिसत होतं. नकाशाच्या कोपऱ्यात स्केल काढल्याशिवाय कागद साहेबांच्या टेबलावर ठेवायचा नाही, ही माझी तीस वर्षांची सवय. चूक लगेच लक्षात आली. त्या फोटोंत स्केलच नव्हतं. दीपगृह किती उंच आहे हे कळायला त्याच्या पायाशी एक माणूस हवा होता, आणि माझ्याकडं माणूस नव्हता.

तो मिळाला गुलमंडीच्या बाजारात. वाऱ्यात उडणारी वाळू कॅमेऱ्यावर बसू नये म्हणून जाड काळं कापड घ्यायला मी एका दुकानात गेलो होतो. तिथला सेल्समन माझ्याच वयाचा होता, मूळ सोयगावकडचा. एवढं कापड कशाला पाहिजे, असं त्यानं विचारलं आणि मी का कोण जाणे, सगळं सांगितलं. कापड फाडता फाडता तो थांबला. त्यानं समुद्र पाहिला नव्हता. “मला न्या की एकदा,” तो म्हणाला, “सामान उचलीन तुमचं.” मी हसण्यावारी नेलं. पण दिवाळीनंतर दुकान थंड पडलं तेव्हा त्यानं खरंच फोन केला.

त्यानंतर बारा वर्षं आम्ही जात राहिलो. वर्षातून दोनदा, एकदा दिवाळी सरल्यावर आणि एकदा उन्हाळ्यातली लग्नसराई सुरू व्हायच्या आधी. पुण्याला गाडी बदलायची आणि मग एसटीनं खाली उतरायचं. त्याच्या पिशवीत दोघांना पुरतील एवढे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असायची. त्याची बायको, माझ्या वहिनी, त्या आदल्या दिवशी करून बांधून द्यायच्या. मासळीच्या वासानं त्याचं नाक सदा मुरडलेलं असायचं, तरी बंदरावर सगळ्यात जास्त वेळ तोच रेंगाळायचा.

त्याला फोटोतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. मी कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं करायचो आणि तो दीपगृहाच्या पायथ्याशी किंवा कातळाच्या टोकाला जाऊन उभा राहायचा. मरून रंगाचा स्वेटर मीच त्याला घेऊन दिला होता, निळ्यात उठून दिसावा म्हणून. नियम एकच होता. तोंड समुद्राकडं पाहिजे. चेहरा दिसला की बघणाऱ्याचा डोळा चेहऱ्यावर जातो आणि दीपगृह बाजूला पडतं, हे मी त्याला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. त्यानं कधी कुरकुर केली नाही. उलट म्हणायचा, दिवसभर गिऱ्हाइकाकडं तोंड करून हसावं लागतं, इथं पाठ केली तरी कोणी रागवत नाय, लई बरं वाटतं.

एकदाच त्यानं नियम मोडला. देवगडच्या किल्ल्यावर संध्याकाळचं ऊन पाच-सात मिनिटं असं पडलं होतं की मी श्वास रोखून बटण दाबत होतो. तेवढ्यात तो एकदम मागं वळला, दोन्ही हात वर करून मला बोलवायला लागला. समुद्रात डॉल्फिन दिसले होते. मी त्याच्यावर ओरडलो. एवढ्या वर्षांत अक्कल आली नाही का, असंही बोललो. “बरं बाबा, नाय वळत,” असं म्हणून तो परत फिरला. वळताना आलेला तो फोटो मी तिथल्या तिथं पुसला. डॉल्फिन मी पाहिलेच नाहीत. सकाळी तो नेहमीसारखा बोलायला लागला. मी माफी मागितली नाही. त्याची गरज आहे असं मला वाटलंच नव्हतं.

गेल्या वर्षी दुकानात साड्यांचे गठ्ठे उतरवताना तो खाली बसला तो उठलाच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला कळलं तेव्हा मी गॅलरीत लेन्स पुसत होतो. रडू आलं नाही, नुसता राग आला. मला न विचारता हा गेलाच कसा, असला वेडा राग. दोन दिवस मी जेवलो नाही, आणि मी जेवलो नाही हे कळणारंही कोणी नव्हतं.

दहाव्यानंतर वहिनींचा फोन आला. तेराव्याला मांडायला आणि मग भिंतीवर लावायला फोटो हवा होता. घरात जे होते त्यातला एकही त्यांच्या मनाला येत नव्हता. आधारकार्डावर तो घाबरलेला दिसत होता, लग्नातला चाळीस वर्षांपूर्वीचा, आणि पुतण्याच्या लग्नात फेट्यानं अर्धं तोंड झाकलेलं. मुलगी सासरी, तिच्याकडं तिच्या लहानपणचे होते. “तुमच्याकडं तर ढिगानं असतील, भावजी,” त्या म्हणाल्या. “त्यातला एक चांगला निवडा. चेहरा नीट दिसंल असा.”

मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि फोटोंची डिस्क काढून ठेवली.

सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसलो. बारा वर्षांचे फोटो, जयगड, देवगड, टोळकेश्वर, कुठकुठले किनारे. सगळीकडं तो होता. कातळावर, पायऱ्यांवर, ओल्या वाळूत, भरतीच्या फेसाच्या काठाला. आणि सगळीकडं पाठमोरा. मोठं करून पाहिलं तर एखाद्या ठिकाणी कान दिसायचा, एका ठिकाणी गालाची कड. खांदे मात्र वर्षागणिक खाली उतरत गेलेले स्पष्ट दिसत होते, केस मागून विरळ होत गेलेले दिसत होते. मित्र माझ्यासमोर म्हातारा झाला होता आणि मी दीपगृहं मोजत होतो. देवगडचा तो एक फोटो असता तर काम झालं असतं. त्याचा हसरा चेहरा भिंतीवर शोभला असता. मी तो माझ्या हातानं पुसला होता.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप काखेत मारून गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्यांत गेलो. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या. मी खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो, डिस्क खराब झाली म्हणून सांगणार होतो. ते जमलं नाही. जे होतं ते सांगितलं, आणि देवगडचंही सांगितलं. त्या नुसतं म्हणाल्या, दाखवा.

मी एकेक फोटो पुढं सरकवत गेलो. वहिनी दीपगृहाकडं बघतच नव्हत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी हात वर केला. टोळकेश्वरचा फोटो होता, पहाटेचा. तो उतारावर उभा, खांद्याला माझी बॅग, पलीकडं सगळं पाणी.

“हाच लावू.”

चेहरा दिसत नाही, मी म्हणालो.

“मला तर ते असेच आठवतात,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्यासंगं निघाले की मी दारात उभी ऱ्हायची, ते गल्लीच्या कोपऱ्याला वळेपर्यंत. खांद्याला पिशवी आन पाठ. वर्षातून दोनदा.” मग स्क्रीनकडं बघत त्यांनी विचारलं, “एवढं पाणी असतंय व्हय तिथं? मलाबी न्या म्हणून मी मागं लागले होते एकदा. म्हणाले, साहेबांना फोटोत गर्दी चालत नाय.”

असं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. पण त्यानं मला विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. बारा वर्षं मी स्वतःला एकटा माणूस समजत आलो. माझ्या एकटेपणाला सोबत मिळावी म्हणून मी एका बाईची सोबत वर्षातून दोनदा उचलून नेत होतो, आणि तिनंच करून दिलेले धपाटे खात होतो. त्यांनी चहा ठेवला.

तेराव्याला फोटो टेबलावर मांडला होता, हार घातलेला. नातेवाईक रांगेनं पुढं यायचे, वाटीतल्या गंधात बोट बुडवायचे, आणि फोटोसमोर थबकायचे. गंध कपाळाला लावतात, आणि इथं कपाळच नव्हतं. सोयगावहून आलेल्या त्याच्या थोरल्या भावानं माझ्याकडं एकदा रोखून पाहिलं आणि चौकटीच्या लाकडाला बोट टेकवलं. कोणी समुद्रावर लावलं, कोणी काचेच्या कोपऱ्यात. काहींनी नुसतं फूल ठेवलं.

माझी पाळी आली. बोटाला गंध घेऊन मी उभा राहिलो. मला त्याचं तोंड बघायचं होतं. एवढी वर्षं सोबत काढली आणि आता डोळे मिटले तरी ते नीट आठवेना, कान आठवत होता, स्वेटरचा गळा आठवत होता. मागं रांग खोळंबली तरी माझा हात पुढं जाईना.

वहिनी शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “लावा कुठंबी, भावजी. मी पाठीवरच लावलंय.”