सभागृह नको, संडास द्या

दान हे पवित्र कार्य आहे. आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या प्रत्येक आवाहनपत्रकाची सुरुवात या वाक्याने व्हायची, आणि ते वाक्य माझं होतं. आक्का ते वाचून खाकरायच्या. "पवित्र असू दे की. पर संडासाला कोण देतंय, ते लिही."

संस्थेसाठी देणग्या मागायचं काम आक्कांचं. नव्वदच्या दशकात आजरा, गारगोटीकडच्या मुली कोल्हापुरात शिकायला आमच्याकडे राहायच्या. साऱ्याजणींत मिळून संडास एक. त्यापायी दोघी शिक्षण सोडून घरी गेल्या होत्या. दाते मात्र वाढदिवसाला जिलेबी घेऊन यायचे. जिलेबीचा फोटो चांगला येतो.

एकदा आम्ही शिरोलीतल्या एका फौंड्रीमालकांकडे गेलो. मालक उदार होते. असे उदार तुम्हीही पाहिले असतील.

"आक्का, वडिलांच्या नावानं सभागृह बांधून देतो. उद्घाटनाला पोरी ओवाळायला उभ्या करा. दोघीतिघींनी आपली गरिबी सांगायची. फोटोग्राफर माझा."

"पोरींची परीक्षा हाय."

"कधी?"

"तुम्ही तारीख सांगा, त्या दिवशी हाय."

मालक हसले. आक्का हसल्या नाहीत. "आन् सभागृह नको. संडास द्या."

"वडिलांचं नाव संडासावर घालू?"

"का? वडील कधी गेलंच न्हवतं व्हय?"

चहा यायच्या आत आम्ही बाहेर होतो.

"आक्का, पोरी पाच मिनिटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं?" मी म्हणालो.

"तू बोल की. तुझी गरिबी सांग, मी फोटो काढते."

आणि रस्ता ओलांडून त्या थेट समोरच्या कारखान्यात शिरल्या. गणपतीच्या मिरवणुकीत कुणाचं मंडळ पुढे, यावरून या दोन मालकांची जुनी ईर्षा. खुर्चीवर टेकत आक्का एवढंच म्हणाल्या, "समोरच्यांचं सभागृह नाकारून आले."

"त्याचं? नाकारलं?" हे मालक ताठ बसले. "चहा सांगा रे! बोला आक्का, काय पायजे?"

"संडास. नाव न्हाय, फोटो न्हाय."

"मग त्याला कळणार कसं?"

"मी सांगते की."

दिवाळीच्या आत संडासांची ओळ उभी राहिली, दारं-कड्यांसकट. गेलेल्या दोघींपैकी एक परत आली. आक्कांनी तिला काही विचारलं नाही; नवी बादली दिली.

पुढे काही वर्षांनी आक्का गेल्या. वसतिगृहात शोकसभा झाली. व्यासपीठावर दोन्ही मालक, मध्ये एक माजी आमदार. कुणी आक्कांना माउली म्हटलं, कुणी दानाची गंगा. सभा फार लांबली. शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची वेळ आली, तेव्हा व्यासपीठ रिकामं होतं. मान्यवर मागे, संडासांपुढे रांगेत उभे होते.