टोपी घालून उठणारा

२०२३ साली मी शहात्तर वर्षांचा होतो. म्युझियमच्या एका अंधाऱ्या खोलीत, भिंतीवर, जुन्या सुलतान बाजारची फिल्म दिवसभर फिरून फिरून चालायची. कुणा कलाकाराचं काम. तिच्यात माझी बायको भाजीची पिशवी घेऊन चार पावलं चालते. तिला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तेवढं बघायला मी रोज जायचो.

तिथला पहारेकरी टोपी गुडघ्यावर ठेवून स्टुलावर बसायचा. कुणी कुजबुजलं तरी डोळे वटारायचा. ती माझी बायको, हे मी त्याला एकदा सांगून बसलो. तेव्हापासून ती भिंतीवर आली, की तो टोपी घालून उभा राही.

"नाटकं कशाला करतोस रे?" मी एकदा चिडलोच.

"अम्मा आरे ना बाबा, उठना पडता."

मला वाटलं, म्हाताऱ्याची चेष्टा करतो. म्हणून एक दिवस मुद्दाम उशिरा गेलो आणि दाराआडून पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती आली, आणि तो टोपी घालून उठला.

तीच पिशवी घेऊन ती दमून घरी यायची, तेव्हा मी खुर्चीतून कधी हललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती यायच्या आधीच, मी काठी टेकून उभा राहिलो.