विलायतेच्या यादीतलं सातवं नाव

तुमच्या आजोबांची लाल गाडी तुम्ही फोटोतच पाहिली आहे. दोन माणसांपुरती, छप्पर कापडाचं, आणि इतकी बुटकी की बसल्याबसल्या हात खाली सोडला तर रस्त्याला लागावा. नगरच्या लष्करी छावणीतले गोरे अधिकारी मायदेशी परतले तेव्हा अशा काही गाड्या इथेच विकून गेले. एकाहत्तर साली त्यांतल्या पाच अजून चालत होत्या. एक आमची, बाकीच्या डॉक्टरांची, वकिलांची, एका निवृत्त मेजरची आणि साखर कारखान्यातल्या केमिस्टची. रविवारी सकाळी पाचही गाड्या दौंड रस्त्याला निघत. वर्षातून एकदा, पाऊस ओसरला की, सगळे भंडारदऱ्याला मुक्कामाला जात. वाटेत कुणाची ना कुणाची गाडी बंद पडेच.

या गाड्यांपायी विलायतेची एक सहल ठरली होती. तिचं कागदी काम सगळं माझ्याकडे होतं. त्यात मी जे केलं ते तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. आता वय झालं आहे, आणि तुम्ही इतके लांब आहात की लिहिताना तुमच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

पाचही गाड्या चालत्या ठेवणारा माणूस एकच होता. आम्ही त्यांना मिस्त्री म्हणत असू. ते मूळचे अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका भातशेतीच्या गावचे. चौथी शिकून नगरला आले, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काम शिकले आणि मग स्टेशनच्या रस्त्याला स्वतःची पत्र्याची शेड टाकली. काम करता करता प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायची त्यांना सवय होती. ऐकायला कुणी असो वा नसो.

इंग्लंडात अशाच जुन्या गाड्या बाळगणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब होता. आजोबांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. म्हणजे लिहीत असे मी. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, घरात टाईपरायटर, आणि प्रत्येक पत्राची कार्बन प्रत फाईलला लावायची माझी शिस्त. एकदा क्लबने विचारलं, की या गाड्यांचं गॅस्केट आता आम्हालाही मिळत नाही, तुम्ही काय करता? गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमध्ये बसणारा पातळ पत्रा. तो जळला की गाडी उभी.

मी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "बाई, नवा तांब्याचा पत्रा घ्यायचा न्हाई. त्यो लई ताठ. जुन्या बाजारातनं आंघोळीचा बंब आनायचा. त्यो रोज तापून तापून मऊ झालेला असतोय." मग त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आकृती काढली. कुठे भोक, कुठे तारेचं कडं, कुठून कापायला सुरुवात. प्रत्येक बाणाच्या शेपटाला मोराच्या पिसासारख्या बारीक रेघा. ते जे बोलले ते मी जसंच्या तसं इंग्रजीत केलं, आकृती सोबत जोडली आणि आजोबांची सही घेतली. मिस्त्रींचा उल्लेख करावा असं मला सुचलंच नाही. आजोबांनी पत्र न वाचताच सही केली. माझं टायपिंग ते कधीच तपासत नसत.

उत्तर फार कौतुकाचं आलं. पुढच्या उन्हाळ्यात आमचा मेळावा आहे, तुम्ही सगळे या, आणि हे गॅस्केट आमच्यापुढे करून दाखवा, असं त्यांनी लिहिलं होतं. त्या काळी परदेशी जायचं तर सरकार परकीय चलन जवळजवळ देतच नसे. तिकडच्या कुणीतरी पाहुण्याचा खर्च उचलतो असं नावानिशी लिहून द्यावं लागे, तरच परवानगीची आशा. म्हणून क्लबने कळवलं, नावं पाठवा, प्रत्येक पाहुण्याला आमचा एकेक सभासद आपल्या घरी ठेवून घेईल.

आमच्या व्हरांड्यात बैठक झाली. जाणारे पाच गाडीवाले आणि पत्रव्यवहारासाठी मी, असे सहा. डॉक्टर म्हणाले, "आणि मिस्त्री? तिकडे शंभर गाड्या बघून आपल्याला काय कळणार? आपण फक्त मान डोलावणार."

वकील हसले. "तुम्ही तर इथेही तेवढंच करता."

"म्हणूनच म्हणतो. वहिनी, मिस्त्रींना घाला यादीत. सातवे."

कुणीही नाही म्हटलं नाही. मिस्त्रींच्या तिकिटाचं काय करायचं तेही आपसांत ठरलं. मी क्लबला कळवलं, बहुधा सात जण येऊ. मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते हातातला पाना पुसत बसले, बराच वेळ. चार दिवसांनी एसटीने गावी जाऊन पासपोर्टसाठी शाळेचा दाखला घेऊन आले. शिंप्याकडून कोट मागून आणून फोटो काढला होता. कोटाच्या बाह्या आखूड होत्या. दाखला आणि फोटो त्यांनी माझ्याकडे दिले. म्हणाले, "तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. माझ्याकडं तेल लागंल."

क्लबचं उत्तर आलं, सात घरं तयार आहेत. टपाल मीच फोडत असे. नावांची यादी टाईप करायला बसले आणि सहाव्या नावाशी थांबले. तिथे मेळाव्यात आजोबांना उभं करतील, गॅस्केट करा म्हणतील. आजोबांना पत्र्याची कात्री धरता येत नव्हती. मिस्त्री सोबत नसले तर सामान आणलं नाही म्हणून निभावता येईल. मिस्त्री असले तर ते सहज पुढे होतील आणि सगळ्यांना कळेल की पत्र कुणाचं होतं.

एवढंच कारण असतं तर मी कदाचित नाव घातलंही असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे कुणा इंग्रज बाईच्या घरातलं जेवणाचं टेबल आलं, आणि त्यावर मिस्त्री बशीत ओतून चहा पिताना दिसले. तिथे आमची लाज जाईल असं मला वाटलं. आमची म्हणजे माझी. मी तारीख घातली, पाकीट बंद केलं आणि सहा नावं पाठवून दिली.

आजोबांना, मंडळींना आणि मिस्त्रींना मी एकच सांगितलं, की तिकडे सहाच घरांची सोय झाली. डॉक्टर हळहळले. मिस्त्री म्हणाले, "त्येंचं बी बरोबर हाय. कुनाकुनाला ठेवत्याल." वर माझीच समजूत घातली, "तुमी बघून या बाई, आन् मला सांगा. तुमी लिवून आनाल समदं."

नोव्हेंबरात एका दुपारी क्लबचं छोटं मासिक आलं. मिस्त्री आमच्या अंगणात लाल गाडीखाली होते. त्या दिवशी पाकीट नेमकं आजोबांनी फोडलं. "अगं, माझं पत्र छापलंय," असं म्हणत ते अंगणात गेले. "मिस्त्री, बाहेर या. विलायतेत छापून आलंय बघा."

मिस्त्री हात पुसून पान बघू लागले. "ही तर माझी रेघ हाय. बान बघा की, पिसावानी. आन् ह्ये खाली काय लिवलंय?"

"माझं नाव," आजोबा म्हणाले. "पत्र माझ्या सहीने गेलं ना."

"व्हय की. मंग त्येंचं गॅस्केट जळलं तर ते तुमाला धरत्याल." दोघं हसले. "बाई, वाचा की. मी सांगितलेलं समदं आलंय का बघू."

मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. बंबाचं आलं होतं, तारेच्या कड्याचं आलं होतं. ते मान हलवत होते. शेवटी एक चौकट होती. तिच्यावर माझी नजर गेली आणि मी मासिक मिटलं. "एवढंच आहे."

"चौकट राहिली की," आजोबांनी मासिक माझ्या हातातून घेतलं आणि मोठ्याने, मराठी करत वाचू लागले. "हे गृहस्थ पुढच्या उन्हाळ्यात मित्रांसह येत आहेत. आपल्या सात सभासदांनी घरं देऊ केली होती. नावं मात्र सहाच आल्यामुळे एका सभासदाची निराशा झाली आहे. अजून कुणी येणार असेल तर त्यांचं घर..." तिथे ते थांबले. "सात?"

"माझ्याकडून एक नाव राहिलं असेल," मी म्हटलं.

मिस्त्री माझ्याकडे बघत नव्हते. "बाईंच्याकडनं काय ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. माझ्या फायली त्यांनी पाहिल्या होत्या. मग म्हणाले, "माझा दाखला तेवढा द्या."

मी आत जाऊन दाखला आणला. फाईलला लावण्यासाठी मी त्याला दोन भोकं पाडली होती, एक शाळेच्या शिक्क्यातून गेलं होतं. त्यांनी भोकांवरून अंगठा फिरवला, घडी करून दाखला खिशात घातला आणि पुन्हा गाडीखाली जाऊन राहिलेलं काम पुरं केलं. फोटो मागितला नाही.

रात्री जेवताना आजोबा एवढंच म्हणाले, "मला तरी सांगायचंस." पण त्यांनीही क्लबला सातवं नाव कळव असं सांगितलं नाही, आणि मीही आपणहून कळवलं नाही. डिसेंबरात लढाई सुरू झाली. पुढे कुणालाच परवानगी मिळाली नाही, सहल रद्द झाली. म्हणजे मी ते नाव घातलं असतं तरी कुठलं इंग्रजी टेबल मला बघावं लागणार नव्हतं. मंडळींच्या लेखी विषय संपला.

मिस्त्री आमच्याकडे येत राहिले. गाडी पूर्वीसारखीच नीट करत. पण काम करताना कारणं सांगायचं त्यांनी बंद केलं. मी चहा घेऊन जवळ उभी राहिले तरी "झालं" म्हणत आणि निघत.

आम्ही विलायतेला जाणार होतो त्या उन्हाळ्यात मी क्लबला एक पत्र टाईप केलं. गॅस्केटची युक्ती आणि आकृती मिस्त्रींची, पत्रातला शब्द न् शब्द त्यांचा, असं त्यात स्पष्ट लिहिलं. टपालात टाकण्याआधी त्यांना वाचून दाखवावं म्हणून टांग्याने त्यांच्या शेडवर गेले. त्यांनी स्टूल पुसून दिलं. मी मराठीत सगळं सांगितलं.

"ह्ये धाडलं तर तिकडं आपल्या सायबाला काय म्हनत्याल?" त्यांनी विचारलं.

"खोटं बोलले म्हणतील."

"मंग ऱ्हाऊ द्या. सायेब भला मानूस हाय." त्यांनी एक नट फिरवायला घेतला. "बाई, एक इचारू? मी गेलो असतो तर तुमचं काय गेलं असतं?"

रागाने विचारलं असतं तर मला काहीतरी बोलता आलं असतं. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि ते उत्तराची वाट बघत होते. शेवटी ते उठून बाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे गेले.

मी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. मिस्त्रींनी नको म्हटलं म्हणून मी ते पाठवलं नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण शेडच्या बाहेर पाऊल टाकलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. परतताना मी टांगा बाजारात थांबवला, भाजी घेतली, आणि भेंडीच्या भावावरून भाजीवालीशी नेहमीसारखी घासाघीसही केली.