खोट्या रेशमाचं सोवळं

"फाडलंस गो माझी साडी. हात झडले तुझे!"

खोतांच्या मागच्या अंगणात वैनीबाय ओरडत होत्या. पायरीखाली माझी सासू, मान खाली. साडी तिनं धुतली नव्हती. मी धुतली होती. आणि मी माडाच्या आड उभी होते.

आम्ही गावचे परीट. साठ साल उजाडायला आलं, तरी पूजेचं रेशमी सोवळं परटाच्या हाती देत नसत. पण त्यावर तेल सांडलं की ते मागच्या दारानं आमच्याकडेच येई. डाग आम्ही काढायचा. विटाळ वैनीबाय पाणी शिंपडून काढत.

रेशमातलं मला फार कळायचं. नुसता हात लावून किडा कुठल्या झाडावर वाढला ते सांगते, असं मसुऱ्याच्या जत्रेत मी शंभरेक बायकांना पटवलं होतं. टसर खरबरीत, दांडगं. जाड सुई सोसतं. चायना सिल्क म्हणजे ओली मासळी. शिवताना सरकतं, सुईचं भोक मिटत नाही. धुवायला दोन्हींना रिठ्याचं पाणी आणि सावली. पिळायचं नाही.

ही सोवळ्याची साडी वैनीबायच्या भावानं गेल्या वर्षी मुंबईहून आणलेली. हाताला गार, जड. नकली. ओली झाली की तिचं बळ जाणार, हेही कळलं. तेवढ्यात वैनीबायनी मलाच विचारलं, "खरां रेशीम मां गो?"

परटाच्या सुनेला कोण कधी विचारतं? मी फुगले. "बावनकशी, वैनीबाय."

पाण्यात डाग चोळला आणि साडी वीतभर फाटली. परत द्यायला सासू पुढे झाली, मी मागे राहिले.

"नाक घास पायरेक," वैनीबाय सासूला म्हणाल्या.

सासू वाकली. तिचं नाक दगडाला लागलं, तेव्हा मी माडाआडून निघाले. फार उशिरा.

"साडी मी धुतलंय," म्हटलं. "आनि खोटां बोललंय."

फाटल्या जागचा धागा ओढून न्हाणीच्या चुलीत धरला. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखं घाणतं. हा कागदासारखा भुरकन गेला. देव्हाऱ्यातले तेहतीस कोटी देव वर्षभर बाटत होते. वैनीबायचं तोंड भातासारखं पांढरं पडलं. मला हसू यायला हवं होतं. पण सासूच्या नाकावर माती होती.

आठ दिवसांनी खोतांची मोलकरीण दारात आली, काखेत गाठोडं. "वैनीबाय सांगतत, झालां ता झालां. ह्यां खरां रेशीम आसा. गुपचूप धुवन् दी."

ते घर सुटलं की आमची निम्मी चूल विझणार होती. मी सासूकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"आमी धुवूचंव नाय."