दिलावरभाईंकडे राहिलेली नळी

दिलावरभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलाचा, समीरचा आला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो त्यांच्याकडे राहिलेल्या माझ्या नळीचा. लिहायला लाज वाटते, पण महिना उलटल्यावर आता खोटं कशाला लिहायचं...

आमची ओळख जुन्या बाजारातली. अंगठ्याएवढी काचेची नळी, आत तारेचे दहा आकडे, वीज दिली की एकेक नारिंगी पेटतो. जुन्या मोजमापाच्या यंत्रांतून निघणाऱ्या या नळ्या आता सहजी मिळत नाहीत, आणि आम्हा दोघा निवृत्तांना त्यांची घड्याळं करायचा नाद. रविवारी भंगार उपसायचं, मला एखादी सापडली की दिलावरभाई म्हणायचे, "भावेसाहेब, दोन दिवस राहू द्या माझ्याकडे. फिकट आकडे उजळून देतो." बिबवेवाडीतल्या त्यांच्या खोलीत ते असा फिकट आकडा दिवसचे दिवस पेटता ठेवत. दोन दिवसांचे पंधरा व्हायचे. चांगली नळी स्वतःला ठेवून दुसरीच माझ्या गळ्यात मारत असतील तर? मी जन्मजात संशयी; दूधवाल्यालाही सोडत नाही. नळ्यांच्या बुडाशी, पिनेजवळ, मी बायकोच्या लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावायला लागलो. तीन नळ्या परत आल्या, तिन्ही बिनठिपक्याच्या. झालं! तोंडावर मात्र काही विचारलं नाही. चौथी त्यांच्याकडे असतानाच जाणं बंद केलं. त्यांचे फोन यायचे, "नळी तयार आहे, या की चहाला." मी म्हणायचो, "बघू." चार महिने नुसतं बघतच राहिलो.

ते गेल्यावर भेटायला गेलो, तर समीरनं त्यांचं कामाचं टेबल दाखवलं. थिनरची बाटली, फडकं, सगळं जागच्या जागी. "अब्बा प्रत्येक नळी आधी थिनरनं पुसायचे, काका. त्याशिवाय कामच सुरू करायचे नाहीत." फडक्यावर लाल डाग होते. मी खुर्ची ओढून बसलो. शेजारी कापसात माझी नळी होती आणि नेलपॉलिशची जवळजवळ भरलेली बाटली. "ही कशाला आणायला सांगितली, ते कळलंच नाही," समीर म्हणाला. "आमच्या घरात तर बाईमाणूसच नाही."

नळीच्या बुडाशी लाल ठिपका होता. म्हणजे फडक्यावरचा रंग पाहून त्यांना सगळं कळलं होतं, पुसलेला ठिपका त्यांनी परत लावला होता, आणि तरीही ते मला चहाला बोलावत होते. फार वाईट वाटलं.

ती नळी आता माझ्या घड्याळात पेटते. तिचा ठिपका मी लावायचो त्या पिनेजवळ नाही, शेजारच्या पिनेजवळ आहे. त्या दिवशी घरी आल्याआल्या, चपलाही न काढता, मी भिंग घेऊन आधी तेच तपासलं होतं.