चौऱ्याऐंशी पुड्या

काटेवाल्या काकांनी उभ्या आयुष्यात वजनात खोट येऊ दिली नव्हती. वजनकाटे दुरुस्त करण्याचा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. काटा सोनाराचा असो की भंगारवाल्याचा, तपासून झाला की ते त्यावर बोटभर चिठ्ठी चिकटवत, ‘तपासला, बरोबर आहे’, आणि खाली झोकात सही ठोकत. बायको म्हणायची, "यांच्या चहात साखरसुद्धा तोलून घालावी लागते."

अशा माणसाने एका संशोधक मॅडमना फसवलं, आणि तेही कशासाठी? तर पाच ग्रॅम अळिंबीच्या भुकटीसाठी!

काका प्रयोगशाळेतला काटा तपासायला गेले, तेव्हा हे सुरू झालं. मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. खाण्याच्या अळिंबीने, म्हणजे मशरूमने, रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं का, तिच्यातले अँटिऑक्सिडंट खरोखर अंगी लागतात का, हे त्यांना वीस माणसांवर पाहायचं होतं. एकोणीस मिळाली होती. आपलं कोलेस्टेरॉल चढलंय, हे काकांनीच बोलता बोलता सांगून टाकलं.

"काका, रोज पाच ग्रॅमची एक पुडी, पाण्यातून. बारा आठवडे. रिकाम्या पुड्या परत आणून द्यायच्या. जमेल ना?"

"मॅडम, आमचा शब्द म्हणजे तोललेलं माप," काका छाती फुगवून म्हणाले.

पहिल्या पुडीला ओल्या गोणपाटाचा वास आला. दुसरी नाक दाबून घेतली. तिसरीनंतर तीनदा चूळ भरली. चौथी त्यांनी खिडकीतल्या कुंडीत ओतली, उद्यापासून घेऊ म्हणून. तो उद्या काही उजाडला नाही. रिकाम्या पुड्या मात्र दर सोमवारी बिनचूक पोचत्या होत. कुंडीतलं झाड असं तरारलं की बायकोने विचारलं, "याला काय खायला घालता हो?" काका पेपरात तोंड खुपसून बसले.

सांगायचं राहून गेलं, असं ते स्वतःची समजूत घालत. राहून कसलं जातंय! लाज वाटत होती. आणि दर सोमवारी मॅडम म्हणत, "तुमच्याइतकं नेमाने कुणीच घेत नाही, काका," तेव्हा ती दुप्पट होई.

बारा आठवडे संपले, सगळ्यांचं रक्त तपासून झालं, आणि मॅडमनी काकांना अवजारांची पेटी घेऊन बोलावलं.

"एकोणीस जणांचं थोडं थोडं उतरलंय. तुमचंच तेवढं वाढलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर एकही चुकवली नाहीत. म्हणजे तुमच्या पुड्या भरताना माझंच माप चुकलं असणार. सगळ्या पुड्या मीच भरल्या, याच काट्यावर. जरा बघता का?"

चिमट्याने एकेक वजन उचलून काकांनी काट्यावर ठेवलं. काटा चोख होता, केसाइतकाही फरक नव्हता.

"किंचित फरक दिसतोय," काका म्हणाले.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा. शब्द तोंडातून गेले आणि त्यांचे त्यांनाच ते ऐकवेनात.

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "मग सगळ्यांच्याच पुड्या चुकल्या. बारा आठवडे पाण्यात गेले." त्यांनी वही ओढली आणि पहिल्या पानावर आडवी रेघ मारली. मग दुसऱ्यावर. मग तिसरं पान उलटलं.

"थांबा," काका म्हणाले. "मी पुड्या घेतल्याच नाहीत. कुंडीत टाकल्या."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती घेतल्यात?"

"तीन."

"चौऱ्याऐंशींतल्या?"

"हो."

"आणि काट्याचं आत्ता जे बोललात?"

"तेही खोटं. काटा बरोबर आहे."

काकांचे कान तापले होते. नजर फरशीवरून उठत नव्हती. मॅडमनी यादीतलं त्यांचं नाव खोडलं आणि वही मिटली. आता काय करावं ते काकांना सुचेना, म्हणून त्यांनी सवयीने खिशातून चिठ्ठी काढली, काट्यावर चिकटवली आणि पेनाचं टोपण उघडलं.

मॅडमनी काटा हलकेच आपल्याकडे ओढून घेतला.

"सही राहू द्या, काका," त्या म्हणाल्या. "उद्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घेते."